‘अधिकृत’ सामन्याच्या आधीची स्ट्रायकर

स्पेनच्या महिला फुटबॉलचा इतिहास ५ फेब्रुवारी १९८३ रोजी सुरू होतो, असे समाजमाध्यमांवर फिरणारे बहुतेक तक्ते सांगतात. स्थळ गालिसियातील आ ग्वार्दा, प्रतिस्पर्धी पोर्तुगाल, निकाल ०–१. तारीख खरी आहे, स्थळ खरे आहे, पराभवही खरा आहे. खोटे आहे ते ‘सुरू होतो’ हे क्रियापद.

हा धागा त्या क्रियापदाविरुद्ध आहे. त्याची मुख्य साक्षीदार आहे कोन्सेप्सिओन सांचेझ फ्रेइरे. माद्रिदमध्ये १९५७ साली जन्मलेली ही मुलगी मैदानावर ‘कोंची अमान्सिओ’ या नावाने ओळखली गेली. आ ग्वार्दाचा सामना झाला तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती, म्हणजे स्ट्रायकरच्या ऐन उमेदीच्या वयात. इटलीच्या सर्वोच्च लीगमधील अनेक वर्षांचा अनुभव तिच्या गाठीशी होता. स्पेनच्या त्या ‘पहिल्या’ संघात मात्र ती नव्हती. अधिकृत राष्ट्रीय संघाकडून ती पुढेही कधी खेळली नाही.

प्रारंभ करावा तो ८ डिसेंबर १९७० या दिवसापासून. माद्रिदच्या दक्षिणेस बियाबेर्दे हा कारखान्यांचा भाग. तेथील बोएतिचेर मैदानावर त्या दिवशी मेर्काक्रेदित आणि सिसाम पालोमा या दोन महिला संघांचा सामना झाला. प्रेक्षक सुमारे ८ हजार होते. मेर्काक्रेदितकडून पाच गोल झाले ते एका तेरा वर्षांच्या मुलीच्या पायातून. रेआल माद्रिदचा तत्कालीन आघाडीपटू अमान्सिओ याच्यावरून तिला टोपणनाव मिळाले. या पिढीच्या अनेक खेळाडू अशाच उसन्या नावांनी वावरल्या. गोलरक्षक कार्मेन आर्से ही ‘कुबालिता’ होती, म्हणजे लादिस्लाव कुबालाची छोटी आवृत्ती. स्वतःचे नाव मैदानावर उच्चारले जाण्याआधी या मुलींना एखाद्या पुरुषाचे नाव अंगावर घ्यावे लागले, ही गोष्ट गमतीची म्हणून सांगितली जाते. ती तेवढी गमतीची नाही.

त्यानंतर सतरा दिवसांनी, नाताळच्या दिवशी, बार्सिलोनाच्या काम्प नोउवर दुसरा महिला सामना झाला. इम्मा काबेसेरान या तरुणीच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या बार्सिलोनाच्या संघाची गाठ सेंतेयेस या संघाशी होती. सामना आजारी मुलांच्या रुग्णालयाच्या मदतीसाठी होता आणि प्रेक्षक सुमारे ६० हजार होते. ‘त्या काळी स्पेनमध्ये महिला फुटबॉलमध्ये कुणाला रसच नव्हता’ हे वाक्य ज्यांना प्रिय आहे, त्यांनी हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवून पाहावेत. सतरा दिवसांत दोन शहरांतील दोन मैदानांवर मिळून अडुसष्ट हजारांच्या घरात माणसे आली. अनास्था अशी दिसत नाही.

आणि या मुली शून्यातूनही उगवल्या नव्हत्या. बार्सिलोनात ९ जून १९१४ रोजी ‘स्पॅनिश गर्ल्स क्लब’च्या दोन संघांनी क्षयरोगविरोधी कार्याच्या मदतीसाठी जाहीर सामना खेळला होता. आ कोरुन्याची इरेने गोन्सालेस विसाच्या दशकात स्वतःच्या नावाचा संघ घेऊन गोलरक्षक म्हणून उभी राहिली आणि १९२८ साली, विशीही ओलांडली नसताना, क्षयाने गेली. मधल्या काळात यादवी युद्ध आले, फ्रँकोची राजवट आली आणि धागा तुटला. तो आपोआप तुटला नव्हता.

पुढे २१ फेब्रुवारी १९७१. मुर्सियातील ला कोन्दोमिना मैदानावर स्पेन विरुद्ध पोर्तुगाल, निकाल ३–३. कोंची त्या संघात होती. मात्र ‘स्पेन’ हा शब्द येथे जपून वापरावा लागतो, कारण स्पॅनिश फुटबॉल महासंघाने या संघाला राष्ट्रीय संघ मानण्यास नकार दिला होता. पोशाखावर महासंघाचे बोधचिन्ह लावण्याची मुभा नव्हती. पंच मान्यताप्राप्त होता, पण त्याला पंचाचा अधिकृत गणवेश घालू दिला गेला नाही. त्याने ट्रॅकसूट घालून सामना चालवला. शिट्टी तीच, नियम तेच, मैदान तेच. फक्त कपडे बदलायला लावले, जेणेकरून उद्या कुणी हा सामना झाला असे म्हणू नये.

कपड्यांचा विषय महासंघाच्या डोक्यात किती खोल होता, याचा पुरावा त्याच वर्षीच्या जानेवारीतला आहे. महासंघाचे अध्यक्ष होसे लुईस पेरेस-पाया यांनी वृत्तपत्राशी बोलताना सांगितले, की आपण महिला फुटबॉलच्या विरोधात नाही, पण तो आपल्याला रुचतही नाही. सौंदर्यदृष्टीने तो स्त्रीसुलभ वाटत नाही. सदरा आणि अर्धी चड्डी स्त्रीला शोभत नाही. त्यापेक्षा कुठलाही प्रादेशिक पेहराव तिला अधिक खुलून दिसेल. हे गृहस्थ स्वतः रेआल माद्रिदचे माजी आघाडीपटू होते. त्यांच्या चड्डीविषयी कुणी मत दिल्याचे ऐकिवात नाही.

यातला ‘प्रादेशिक पेहराव’ हा शब्द सहज निघालेला नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे रेंगाळलेच पाहिजे. फ्रँकोच्या राजवटीत स्त्रियांच्या शारीरिक शिक्षणाची मक्तेदारी ‘सेक्सिओन फेमेनिना’ या फालांखे पक्षाच्या महिला शाखेकडे होती. तिची प्रमुख पिलार प्रिमो दे रिवेरा. या संघटनेने मुलींसाठी व्यायामप्रकारांची निवड केली. जिम्नॅस्टिक्स चालेल, बास्केटबॉल चालेल, हॉकी चालेल. फुटबॉल पुरुषी, म्हणून चालणार नाही. आणि याच संघटनेचा सर्वांत झगमगीत उपक्रम होता गावोगावची लोकनृत्ये पारंपरिक वेशात सादर करणारी मुलींची पथके. राजवटीने स्त्रीसाठी जो आदर्श पोशाख नेमून दिला होता, नेमका तोच अध्यक्षमहाशय फुटबॉल खेळणाऱ्या मुलींना सुचवत होते. त्यांचे मत व्यक्तिगत अभिरुचीचे नव्हते, ते धोरण होते.

बचाव पक्षाचा पहिला युक्तिवाद येथेच येतो: दोष हुकूमशाहीचा, फुटबॉल महासंघाचा नव्हे, फ्रँको गेला आणि दार उघडले. ही मांडणी सोयीची आहे, पण कालपट तिला साथ देत नाही. फ्रँकोचा मृत्यू नोव्हेंबर १९७५चा. पहिली मुक्त निवडणूक जून १९७७ची. राज्यघटना डिसेंबर १९७८ची. महासंघाने महिला फुटबॉलला मान्यता दिली ती नोव्हेंबर १९८०मध्ये आणि राष्ट्रीय संघ मैदानात उतरवला तो १९८३मध्ये. घटना लिहून, तिच्यावर सार्वमत घेऊन, ती अमलात आणूनही देशाला जेवढा वेळ लागला नाही, तेवढा एका क्रीडासंस्थेला अकरा मुलींना पोशाख द्यायला लागला.

शिवाय हुकूमशाही हे पुरेसे कारण असते, तर लोकशाही देशांत काय झाले? इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने डिसेंबर १९२१मध्ये आपल्या सदस्य क्लबांच्या मैदानांवर स्त्रियांना बंदी घातली आणि ती जवळपास अर्धशतक टिकली. पश्चिम जर्मनीच्या महासंघाने १९५५ ते १९७० अशीच बंदी राबवली. ब्राझीलमध्ये १९४१च्या सरकारी हुकुमाने स्त्रियांचा फुटबॉल निषिद्ध झाला तो १९७९पर्यंत. फ्रँकोच्या राजवटीने स्पेनमधील नकाराला भाषा दिली, वेशभूषाही दिली. पण नकाराचे यंत्र महासंघांचे स्वतःचे होते, आणि ते राजवट बदलल्यावरही चालू राहिले.

कोंचीने या यंत्राची दुरुस्ती होण्याची वाट पाहिली नाही. सत्तरच्या दशकाच्या आरंभी, विशीच्या आतच, ती इटलीला गेली. ही घटना किती मोठी होती, हे कळण्यासाठी स्पेनचा तत्कालीन दिवाणी कायदा पाहावा. १९७२पर्यंत पंचवीस वर्षांखालील अविवाहित मुलीला, ती सज्ञान असली तरी, आईवडिलांच्या परवानगीशिवाय घर सोडता येत नव्हते. अपवाद दोनच, लग्न किंवा मठ. विवाहितेला नोकरीसाठी पतीची अनुमती लागे, आणि ही अट १९७५मध्ये गेली. अशा देशातून एक मुलगी गोल करण्याच्या कौशल्यावर परदेशी निघाली. लग्न नाही, मठ नाही, फुटबॉल.

इटलीतही महिला फुटबॉलला मुख्य महासंघाने कडेवर घेतले नव्हते. बाईंनी आणि त्यांच्या पाठीराख्यांनी १९६८ साली व्हियारेज्जो येथे आपला स्वतंत्र महासंघ स्थापला होता. मुख्य महासंघात त्याचा समावेश १९८६मध्ये झाला. पण लीग होती, क्लब होते, आणि संघाला आपले नाव देऊन पैसा पुरवणारे कारखानदार होते. परदेशी खेळाडूंना मोबदला मिळत होता. पादोव्हाचा गामा ३, पुढे रोमचा लात्सिओ आणि इतर क्लब असा कोंचीचा प्रवास सुमारे दोन दशके चालला. कारकिर्दीच्या अखेरच्या टप्प्यात ती इंग्लंडच्या आर्सेनलकडूनही खेळली. स्पॅनिश खेळाडूने परदेशी मोठ्या लीगमध्ये इतका दीर्घ काळ आघाडी सांभाळणे तेव्हाच्या पुरुषांतही दुर्मिळ होते. एखाद्या पुरुषाने हे केले असते, तर माद्रिदमध्ये त्याच्या नावाचा चौक असता.

आता ‘अधिकृत’ या शब्दाकडे वळू. या वादाचा कणा तोच आहे. फिफा आज जगातील पहिला अधिकृत महिला आंतरराष्ट्रीय सामना म्हणून फ्रान्स विरुद्ध नेदरलँड्स या लढतीचा उल्लेख करते. तारीख १७ एप्रिल १९७१, स्थळ आझब्रूक. मुर्सियाचा सामना २१ फेब्रुवारीचा. वाचकांनी दिवस मोजावेत: पंचावन्न. आझब्रूकच्या मैदानावर असे काय होते, जे मुर्सियात नव्हते? दोन्हीकडे दोन देशांच्या मुली होत्या, दोन्हीकडे पंच होता. फरक एवढाच, की फ्रेंच महासंघाने १९७०मध्ये महिला फुटबॉलला मान्यता दिली होती आणि स्पॅनिश महासंघाने दिली नव्हती. आणि आझब्रूकच्या सामन्यालाही हा मान पश्चात मिळालेला आहे. म्हणजे ‘अधिकृतता’ हा सामन्याचा अंगभूत गुण नाही. ती नंतर चिकटवता येते. मुर्सियाला कुणी चिकटवली नाही, इतकेच.

येथे दुसरा आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. विक्रमांच्या नोंदींना काही निकष हवेतच. प्रत्येक प्रदर्शनीय सामना मोजू लागलो, तर आकड्यांना अर्थ उरणार नाही. मान्य. हेनिफेर एर्मोसोच्या नावावर स्पेनकडून सर्वाधिक गोलांचा विक्रम आहे, आणि कोंचीचे गोल त्यात मिसळून तो हलवावा असे कुणीही म्हणत नाही. पण निकष कोणी ठरवला, हे विचारण्याचा अधिकार इतिहासाला आहे. येथे निकष ठरवणारी संस्था आणि सामना अडवणारी संस्था एकच आहे. आरोपीनेच पंचनामा लिहावा आणि पुढच्या पिढीने तो सरकारी कागद म्हणून उद्धृत करावा, तशी ही स्थिती. महासंघाच्या दप्तरात नोंद नाही, म्हणून घटना नाही, हा तर्क कोणत्याही प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याने खोडून काढावा. वृत्तपत्रांच्या फायली आहेत, छायाचित्रे आहेत, खेळाडूंच्या मुलाखती आहेत. आणि खुद्द पेरेस-पाया यांचे ते विधान आहे. जो खेळ अस्तित्वातच नव्हता, त्याविषयी अध्यक्षांना प्रश्न विचारण्याची वेळ वार्ताहरावर का आली असेल?

एर्मोसोचे नाव आलेच आहे, तर एक गोष्ट नोंदवून पुढे जावे. २० ऑगस्ट २०२३ रोजी सिडनीत स्पेनने विश्वचषक जिंकला, आणि पदक-समारंभात महासंघाचे अध्यक्ष लुईस रुबियालेस यांनी तिच्या संमतीविना तिच्या ओठांचे चुंबन घेतले. २० फेब्रुवारी २०२५ रोजी स्पेनच्या राष्ट्रीय न्यायालयाने त्यांना लैंगिक अत्याचाराबद्दल दोषी ठरवले आणि १०,८०० युरोंचा दंड केला. अनेकांना हा प्रकार एका माणसाच्या उद्दामपणाचा वाटला. ज्यांनी १९७१चे वर्तमानपत्र वाचले आहे, त्यांना तो तसा वाटण्याचे कारण नाही. खेळाडूकडे पाहताना आधी स्त्रीचे शरीर दिसणे आणि मग तिचा खेळ दिसणे, हा त्या खुर्चीचा जुना दृष्टिदोष आहे. बावन्न वर्षांत खुर्चीवरची माणसे बदलली.

‘मग आता करायचे काय, काळ तर मागे नेता येत नाही’ असे म्हणणाऱ्यांसाठी स्कॉटलंडचे उदाहरण आहे. नोव्हेंबर १९७२मध्ये ग्रीनॉक येथे स्कॉटलंडच्या महिला इंग्लंडविरुद्ध खेळल्या, तेव्हा त्यांच्या महासंघानेही त्यांना दारात उभे केले नव्हते. त्या संघातील रोझ रायली पुढे, कोंचीप्रमाणेच, इटलीत जाऊन खेळली आणि इटलीच्या राष्ट्रीय संघातही पोहोचली. २०१९ साली, हॅम्पडन पार्कवर, स्कॉटिश महासंघाने १९७२च्या त्या खेळाडूंना आंतरराष्ट्रीय खेळाडूची मानाची टोपी दिली. सत्तेचाळीस वर्षे उशिरा, केस पांढरे झाल्यावर, पण दिली. त्यासाठी कोणाचाही विक्रम मोडावा लागला नाही.

स्पेनच्या अधिकृत सामन्यांच्या यादीत पहिली ओळ आजही आ ग्वार्दा, ५ फेब्रुवारी १९८३, पोर्तुगाल, ०–१ अशी आहे. तिच्या वर मुर्सिया, २१ फेब्रुवारी १९७१, पोर्तुगाल, ३–३ एवढे लिहिण्यास एक ओळ पुरते.