कृत्रिम बुद्धिमत्ता : यंत्राचा अंदाज, माणसाचे उत्तरदायित्व

मुळशीतील घोटावडे हिंजवडीच्या संगणकनगरीपासून जवळच आहे. परंतु कृत्रिम बुद्धिमत्तेचे मर्म जाणण्यास संगणकशास्त्र शिकावे लागत नाही. असंख्य उदाहरणांतील साम्य हेरून संभाव्य उत्तर वर्तवणे, एवढेच ते मर्म होय. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातील ऊसप्रयोगात उपग्रहचित्रे, हवामान व माती यांच्या नोंदींवरून शेतकऱ्यांना सल्ला दिला गेला. तोच सल्ला घोटावड्याच्या भातखाचराला लागू पडेलच असे नाही. कारण यंत्राला जे दाखवले, त्यावरूनच ते अंदाज बांधते. अंदाज चुकल्यास पीक मात्र शेतकऱ्याचे बुडते. व्हॅटिकनने २८ जानेवारी २०२५ रोजी प्रसिद्ध केलेल्या ‘अँटिक्वा एट नोव्हा’ या टिपणातही कृत्रिम बुद्धिमत्ता ही मानवी बुद्धीचे कृत्रिम रूप नसून तिची निर्मिती आहे, असे स्पष्ट केले आहे. यंत्राला अवश्य विचारावे. निर्णय मात्र जाणत्या माणसाशी पडताळूनच घ्यावा.