पोपटाला आवडतं, म्हणून मानवतं?

पोपट पाळणाऱ्यांचा एक युक्तिवाद घरोघरी ऐकू येतो. वाटीत सगळं घालून पाहिलं, पण पठ्ठ्या सूर्यफुलाच्या बियाच वेचून खातो. म्हणजे त्याला त्याच हव्यात, पाखराला आपलं बरंवाईट माणसापेक्षा जास्त कळतं. ही समजूत खोटी आहे, आणि पाळीव पोपटांचे आहारातून उद्भवणारे बरेचसे आजार तिच्यातूनच येतात. बोलणं सुरू करण्याआधी एक खुलासा हवा. आपला हिरवा राघू पिंजऱ्यात ठेवणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. त्याला काय खायला घालावं याचं उत्तर ‘त्याला वनखात्याच्या हवाली करावं’ एवढंच. इथे विचार आहे तो कायद्याच्या चौकटीत राहून पाळता येणाऱ्या परदेशी पोपटांचा: आपल्याकडे सर्रास लव्हबर्ड म्हणून विकला जाणारा बजरीगर, कॉकाटील, कोनूर, आफ्रिकन ग्रे.

पाखराला कळतं, हे अर्धसत्य आहे. रानात चरबी सहजी मिळत नाही, म्हणून तेलकट बी दिसली की आधी तिच्यावर तुटून पडायचं ही ओढ पक्ष्याच्या अंगी मुरलेली असते. दिवसभर उडणाऱ्या पक्ष्याला ती तारते. पिंजऱ्यात उडणं संपतं, ओढ मात्र तशीच राहते. सूर्यफुलाच्या सोललेल्या बीत वजनाच्या निम्म्याच्या आसपास चरबी असते. तिचे परिणाम पक्ष्यांच्या डॉक्टरांना ओळखीचे आहेत: बजरीगरच्या छातीवर चरबीच्या गाठी, यकृतात साठलेली मेदाची पुटं, आफ्रिकन ग्रेच्या कठीण झालेल्या रक्तवाहिन्या. त्याहून घातक आहे ते बीत जे नाही ते. या बीत कॅल्शियमच्या सुमारे आठपट फॉस्फरस असतं, आणि जास्तीचं फॉस्फरस आहे तेवढंही कॅल्शियम अंगी लागू देत नाही. मग शरीर ते हाडांतून काढून घेतं. आफ्रिकन ग्रेला आकडी येते, मादीचं अंडं अडकतं. अ जीवनसत्त्व तर बियांत जवळजवळ नसतंच. ते कमी पडलं की तोंड, नाक, सायनस यांचं ओलसर अस्तर जाड आणि कोरडं होतं, तोंडात पांढरे ठिपके दिसतात, आणि जंतूंना मोकळी वाट मिळते. नाक वाहतंय म्हणून सर्दीचं औषध चालू राहतं, मूळ कारण वाटीत पडलेलं असतं.

यावर आक्षेप येतो की रानातले पोपटही बियाच खातात, मग निसर्ग चुकतो काय? बजरीगरपुरता हा आक्षेप वजनदार आहे. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळांवर तो मुख्यतः गवताच्या बियांवर जगतो. पण त्या बिया बारीक, कमी तेलाच्या, कित्येकदा दुधाळ कोवळ्या असतात, आणि त्यांच्या शोधात थवे दूरदूर भटकतात. म्हणून बजरीगर आणि कॉकाटील यांना राळा, बाजरी थोडी चालते. सूर्यफूल आणि भुईमूग चालत नाही. (पावसाळ्यात दमट झालेल्या शेंगदाण्यावर विषारी बुरशी धरते, तो धोका वेगळाच.) बाकीचे पोपट रानात बियांबरोबर कळ्या, फुलं, कोवळी पानं, फळं असं ऋतूप्रमाणे बदलत खातात. पिंजऱ्यातली बारमाही एकच वाटी कोणत्या रानात असते? ‘नैसर्गिक आहार’ हा शब्द पिंजऱ्याच्या दारातच संपतो. पक्ष्याची निवड आपण काढून घेतली आहे, तेव्हा त्याच्या वतीने निवडण्याचं काम आपल्याकडेच आलं.

दुसरा आक्षेप अनुभवाचा: आमच्या आजोबांचा पोपट डाळ-मिरचीवर वीस वर्षं जगला. जगला असेल. पण जे पाचव्या वर्षी गेले त्यांची गोष्ट कुणी सांगत बसत नाही. शिवाय आफ्रिकन ग्रेसारखा पक्षी नीट सांभाळला तर चाळीस वर्षं सहज गाठतो. आणि पक्षी दुखणं लपवतात. रानात आजारी दिसणारा आधी शिकार होतो. म्हणूनच ‘काल तर मस्त होता’ हे वाक्य डॉक्टरांना वारंवार ऐकावं लागतं.

तरीही आजोबांची वाटी सगळीच टाकाऊ नव्हती. मिरची हे पोपटासाठी उत्तम खाणं आहे. तिचा झोंबरेपणा पक्ष्याला जाणवत नाही. डेव्हिड ज्यूलियस आणि स्वेन-एरिक जॉर्ड्ट या शास्त्रज्ञांनी २००२ साली कोंबडीच्या चेतापेशींवर याचं कारण दाखवून दिलं. पिकलेल्या लाल मिरचीत ज्यापासून अ जीवनसत्त्व बनतं ते कॅरोटीन भरपूर असतं. मोड आलेली मटकी, मूग, हरभरा चांगलेच, फक्त उन्हाळ्यात दोन तासांत वाटी उचलावी. दूध-पोळी मात्र बंद. दुधातली साखर पचवण्याची सोय पक्ष्याकडे नाही. सफरचंद-द्राक्षांवर समाधान मानणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की त्यांत पाणी आणि साखरच जास्त. त्याऐवजी गाजर, तांबडा भोपळा, उकडलेलं रताळं, शेवग्याचा पाला, कोथिंबीर, मेथी द्यावी. या भाज्या मंडईत स्वस्त मिळतात, तेव्हा ‘परवडत नाही’ ही तक्रार इथे टिकत नाही. अ‍ॅव्होकाडो आणि चॉकलेट ही विषं आहेत, त्यांत थोडं-फारचा प्रश्न नाही.

दुकानदार आणखी एक सोपी वाट सुचवतो: बिया चालू ठेवा, पाण्यात जीवनसत्त्वाचे थेंब टाका. पाण्याची चव बदलली की पक्षी कमी पितो, उजेडात औषधाचा कस उतरतो, भांड्यात जंतू वाढतात, आणि किती पोटात गेलं ते कळत नाही. कॅल्शियमसाठी समुद्रफेन टांगावं, आणि ते अंगी लागावं म्हणून सकाळचं कोवळं ऊन द्यावं, तेही काचेआडून नव्हे. हव्या त्या किरणांना काच अडवते. पेलेट्स या मिश्र गोळ्या सगळ्यांत भरवशाच्या, कारण त्यांतून आवडीचं वेचता येत नाही. त्या महाग आहेत हे खरं, पण वाटीत उरणारी टरफलं आणि सांडलेल्या बिया हिशेबात धरल्या तर फरक वाटतो तेवढा राहत नाही. नुसत्या पेलेट्सवर पक्षी ठेवणंही मला पटत नाही. चोचीला आणि डोक्याला काम हवं, ते भाज्यांतून मिळतं.

आता उरतो तो अडचणीचा भाग: सवय लागलेला पोपट नवं खात नाही. भूक लागली की खाईल, हा सल्ला धोकादायक आहे. तीस-चाळीस ग्रॅमचा बजरीगर नव्या दाण्याला अन्न म्हणून ओळखतच नाही आणि उपाशी मरू शकतो. बिया आठवड्याआठवड्याने कमी करा, भाजी सकाळी भुकेच्या वेळी द्या, वाटीतल्या टरफलांना दाणे समजू नका. या काळात ग्रॅमचा काटा आणून रोज सकाळी वजन लिहून ठेवा, आणि ते दहा टक्क्यांनी उतरलं तर बदल थांबवून पक्ष्यांच्या डॉक्टरकडे जा.