माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे

 

आपले धारवाड मलनाड आणि मैदान यांच्या सीमेवर वसले आहे. पश्चिमेला जंगल, पूर्वेला काळी जमीन आणि माळ. जंगल तोडले की आपण हळहळतो. माळावर ले-आउट पडले की मात्र ‘पडीक जमीन कामी आली’ म्हणतो. सरकारी नोंदींतही गवताळ माळ बरेचदा पडीक म्हणूनच दाखवला जातो. वास्तविक त्यावर मेंढपाळांची गुरे-मेंढरे जगतात, पावसाचे पाणी मुरते आणि काळवीट, लांडगा, माळढोक यांचे घर तेच आहे.

राणीबेन्नूरचे काळवीट अभयारण्य 1974 साली झाले. क्षेत्र 119 चौ. कि.मी. हावेरी जिल्हा 1997 मध्ये वेगळा होईपर्यंत ते आपल्याच धारवाड जिल्ह्यात होते. तेथेही मोठ्या भागावर निलगिरी लावली गेली. काळविटाला मोकळे गवत हवे असते, दाट झाडी नव्हे. म्हणून झाड लावणे हे प्रत्येक जागी पुण्याचे काम असतेच असे नाही.

दुसरे टोकही पाहावे. महाराष्ट्रात 1979 साली माळढोकासाठी तब्बल 8,496 चौ. कि.मी. अभयारण्य जाहीर झाले. त्यात गावे, शेते, घरे सर्व आले. जमिनीच्या व्यवहारांत अडचणी आल्या, लोक नाराज झाले आणि पक्षीही वाढला नाही. शेवटी 2012 मध्ये क्षेत्र 1,222 चौ. कि.मी. केले गेले.

यातून बोध असा की, माळ वाचतो तो नकाशावर वेळेत आणि विचारपूर्वक आखलेल्या रेषेने. कर्नाटकाच्या 1961 च्या नगररचना कायद्यानुसार हुबळी-धारवाड नगर विकास प्राधिकरण शहराचा महायोजना आराखडा तयार करते. त्यावर नागरिकांना हरकती व सूचना देता येतात. एकदा जमीन एन.ए. होऊन प्लॉट पडले की बोलून उपयोग नाही.

आपल्यापैकी अनेकांनी कष्टाच्या पैशातून प्लॉट घेतले आहेत. घर सर्वांनाच हवे, त्याला माझा विरोध नाही. परंतु गायरान, तलावाकडे येणारे ओढे आणि उरलेले माळ यांना आराखड्यात स्वतंत्र रंग मिळावा, एवढी मागणी आपण करू शकतो.

आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी यंदा आपल्या परिसरातील अशा जागांची यादी करावी. पालकांनी माहिती द्यावी आणि विश्वस्त मंडळाने ती शाळेच्या पत्रासह प्राधिकरणाकडे पाठवावी, ही नम्र विनंती.

— मुख्याध्यापक