अंगणातली सदाफुली आणि नागपूरची सुई

दिवाळीच्या साफसफाईची धांदल चालू होती आणि दवाखान्यात धुळीने शिंकणाऱ्यांची रांग लागली होती. अशा वेळी मंगरूळपीरकडच्या एक आजीबाई पितळी डबा घेऊन आत आल्या. डब्यात सदाफुलीचा पाला! त्यांच्या आठ वर्षांच्या नातवाला रक्ताचा कर्करोग झाला आहे. उपचार नागपूरला चालू आहेत, आणि कागदावर दर आठवड्याला व्हिंक्रिस्टीनचे इंजेक्शन लिहिले आहे. कोणा शहाण्याने आजीबाईंना सांगितले की हे औषध सदाफुलीतूनच निघते. झाले!

"डाक्टरसायेब, फूल तं आपल्या आंगनातच हाय. मंग सुई टोचाले नागपूरले कायले जायाचं? काढाच पाजतो पोराले."

वाचकहो, आजीबाईंना हसू नका. त्यांचे अर्धे म्हणणे सोळा आणे खरे होते. सदाफुली मूळची मादागास्करची. जमैकात तिच्या पानांचा काढा मधुमेहावर घेत असत. ती पाने कॅनडातील डॉ. रॉबर्ट नोबल यांच्याकडे पोचली. उंदरांची साखर काही उतरली नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र भराभर घटल्या. नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी १९५८ साली पानांतून व्हिनब्लास्टीन वेगळे काढले. व्हिंक्रिस्टीन हे त्याचेच भावंड. त्याला १९६३ साली अमेरिकेत परवानगी मिळाली. साखर शोधता शोधता कर्करोगाचे औषध सापडले, याला योगायोगच म्हणायचे.

पण उरलेले अर्धे? पानांत हे द्रव्य इतके थोडे असते की एका ग्रॅमसाठी शेकडो किलो वाळलेला पाला लागतो. शिवाय त्याच पानांत सत्तरांहून अधिक इतर द्रव्ये आहेत आणि त्यांतली काही विषारी आहेत. मुलाचा डोस एक-दोन मिलिग्रॅमचा, तोही त्याच्या उंची-वजनावरून काढलेला. काढ्यात औषध किती आणि विष किती, हे कोणत्या पळीने मोजणार?

मग मी आजीबाईंना कागदावर पेशी काढून दाखवली. एका पेशीच्या दोन होताना आत बारीक सूत्रे ताणली जातात आणि ती गुणसूत्रे दोन्हीकडे ओढून घेतात. व्हिंक्रिस्टीन ती सूत्रे बांधूच देत नाही, म्हणून भराभर वाढणारी पेशी अडकून मरते. पण अशीच सूत्रे मज्जातंतूंतही असतात. त्यामुळे हातापायांना मुंग्या येतात, जबडा दुखतो, पावले उचलताना पोर अडखळते आणि बद्धकोष्ठ होतो. आई म्हणते, "खाल्लं नाही म्हणून." तसे नव्हे. हे डॉक्टरांना सांगावे, घरी एनिमा देऊ नये. बुरशीवरच्या काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ इट्राकोनॅझोलने, हा त्रास फार वाढतो. म्हणून नायटा झाला तरी गोळी नागपूरच्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. आमच्यासारख्या गावच्या डॉक्टरने दिली, तरीसुद्धा!

आता मुलाच्या बापाला जे सांगितले ते तुम्हांलाही सांगतो. हे औषध फक्त शिरेतून द्यायचे. याच आजारात मुलांना मणक्यातही एक इंजेक्शन देतात, पण ते औषध निराळे, बहुधा मेथोट्रेक्झेट. दोहोंची अदलाबदल झाली आणि व्हिंक्रिस्टीन मणक्यात गेले, तर माणूस बहुधा वाचत नाही. २००१ साली इंग्लंडात नॉटिंगहॅमला अठरा वर्षांचा एक तरुण असाच दगावला. त्याचा कर्करोग तर आटोक्यात आला होता. २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने इशारा दिला, की हे औषध सिरिंजमध्ये भरण्याऐवजी छोट्या सलाईनच्या पिशवीत मिसळून द्यावे. पिशवी कोणी मणक्यात लावायला जात नाही. किती साधा उपाय, आणि सुचायला किती जीव गेले! तेव्हा सुई लागण्यापूर्वी बापाने नम्रपणे विचारावे, "साहेब, हे कोणतं औषध? शिरेतलं ना?" चांगली परिचारिका रागावत नाही.

औषध शिरेबाहेर झिरपले तर मांस जळते. पोर "आग होते" म्हणाले की "थोडं सोस" म्हणू नये, तत्क्षणी ओरडून सांगावे, म्हणजे ते लगेच थांबवतात. इंजेक्शननंतरचे दोन दिवस मुलाचे लघवी-उलटीचे कपडे हातमोजे घालून वेगळे धुवावेत. घरात गरोदर सून असेल तर ते काम तिला देऊ नये. आणि ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर सकाळची वाट पाहू नये, रात्रीच निघावे. फराळाला येणाऱ्या खोकरणाऱ्या पाहुण्यांनी यंदा ओसरीवरच बसावे. पाहुणे रुसतील, रुसू द्यात.

आजीबाई बराच वेळ कागदावरच्या पेशीकडे पाहत बसल्या. पाला मी ठेवून घेतला आणि डबा परत दिला. उठताना त्यांनी विचारले, "मंग फुलं तं बालाजीले वाहू ना जी?"

"वाहा की," मी म्हटले. "आणि शुक्रवारची गाडी चुकवू नका."