सीसी सारखी, म्हणून पार्ट सारखे?

नायट्रोवर पळणाऱ्या छोट्या मोटारींच्या शौकिनांत एक तोडगा फार विश्वासाने सांगितला जातो. दोन इंजिने बसली आहेत ना? दोन्ही 3.5 सीसीच ना? मग एकाचा लायनर, दुसऱ्याचा पिस्टन आणि डब्यात पडलेला कुठला तरी क्रँक घ्यायचा, दोनाचे एक इंजिन करायचे. तोडगा काटकसरीचा खरा, पण त्यातून उभे राहिलेले इंजिन क्वचितच धड चालते.

हा विचार स्कूटरच्या गॅरेजातून आलेला दिसतो. टू-स्ट्रोक स्कूटरचा बोअर झिजला की तो बोअरिंगला द्यायचा, ओव्हरसाइझ पिस्टन आणि नव्या रिंगा घालायच्या, आणि गाडी पुन्हा रस्त्यावर. तिथे ते जमते, कारण रिंग स्प्रिंगसारखी बाहेर दाबते आणि उरलेली फट भरून काढते. मोटारीतल्या या छोट्या इंजिनांपैकी बहुतेकांच्या पिस्टनला रिंगच नसते! ज्या जोरावर गॅरेजातला मेकॅनिक अदलाबदल करतो, तो आधारच इथे गायब आहे.

रिंगऐवजी इथे धातूंची चलाखी आहे. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, लायनर पितळेचा आणि त्याच्या आतून क्रोमचा थर. म्हणूनच या रचनेला ‘एबीसी’ म्हणतात. लायनर वरच्या टोकाला किंचित अरुंद केलेला असतो. थंड असताना पिस्टन तिथे अडतो. हेडचे तापमान 100 ते 120 अंश सेल्सिअसवर गेले की पितळ सिलिकॉनयुक्त अ‍ॅल्युमिनियमपेक्षा जास्त फुगते, अरुंद टोक मोकळे होते आणि नेमकी हवी तेवढीच फट उरते. हे गणित मायक्रॉनचे. कारखान्यातच पिस्टन आणि लायनर एकमेकांना जुळवून दिलेले असतात.

जोडी हातात घेऊन पाहावी. पिस्टन खालून लायनरमध्ये घालून अंगठ्याने वर सरकवला, तर चांगल्या जोडीत तो माथ्याच्या थोडा खालीच घट्ट अडतो. परक्या लायनरमध्ये तो एक तर सर्रकन वर निघून जातो, नाहीतर मध्येच रुततो. पहिल्या प्रकारात गरम इंजिन सुरूच होत नाही. दुसऱ्यात स्टार्टर कण्हतो आणि कनेक्टिंग रॉडचे बुश ओढले जाते.

क्रँकची गोष्ट आणखी फसवी. बोअर 16.27 मिमी आणि स्ट्रोक 16.8 मिमी धरला, तर आकारमान साधारण 3.5 सीसी येते. बोअर 16.6 आणि स्ट्रोक 16 धरला, तरी तेवढेच. सीसी सारखी, पण पहिल्याचा क्रँक दुसऱ्यात घातला की पिस्टन 0.4 मिमी जास्त वर जातो. पिस्टनचा माथा आणि हेड यांत मोकळीक असते ती बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. ‘मग हेडखाली शिम टाका’ असे उत्तर तयारच असते. शिमने माथा वाचेल, पण पोर्ट उघडण्या-मिटण्याची वेळ बदललेलीच राहते.

‘आमचे तर चालले की!’ असेही कुणी सांगतो. चालले असेल. नीडल जास्त उघडून मिश्रण तेलकट ठेवले की सैल जोडीही टाकीभर पळते.

म्हणून काहीच बदलू नये, असे म्हणणाऱ्यांचेही खरे नाही. बेअरिंग तर खुशाल बदलावी: 3.5 सीसीच्या कितीतरी इंजिनांत मागची 14×25.4×6 आणि पुढची 7×19×6 मिमीची असते, मेक कुठलाही असो. कार्ब्युरेटर गळ्याच्या मापात बसला आणि हवा खेचत नसला, तर चालतो. टर्बो प्लग आणि साधा प्लग मात्र एकमेकांच्या जागी बसत नाहीत, आटेच वेगळे असतात. तिथे हेडचे बटणही बदलावे लागते, आणि ते त्याच इंजिनाचे हवे.

खरे भांडण पैशाचे आहे, हेही मान्य. नवा पिस्टन-लायनर संच कित्येकदा इंजिनाच्या निम्म्या किमतीजवळ जातो. पण झिजलेल्या जोडीचा लायनर वरच्या टोकाला दाबून पुन्हा अरुंद करून घेता येतो, आणि जोडी तीच राहते. ती बसलेली दोन इंजिने एकाच मॉडेलची निघाली, तर एकाचे चांगल्या बेअरिंगांचे क्रँककेस, दुसऱ्याचा सरळ क्रँक आणि दोघांपैकी ज्याची पकड शाबूत असेल त्याचा पिस्टन-लायनर, तोही एकाच इंजिनातून काढलेला, एवढ्यावर एक इंजिन उभे राहते.