मुलं कोण सांभाळतं?



विज्ञानकथा म्हटलं की आपल्यातल्या बऱ्याच जणी पान उलटतात. यानं, यंत्रं, परग्रह आणि बाई असलीच तर शास्त्रज्ञाची मुलगी! म्हणून उर्सुला ले ग्विन यांची 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' ही १९६९ सालची अमेरिकन कादंबरी अभ्यासगटात घेतली तेव्हा फारसा उत्साह नव्हता. दोघींनी इंग्रजीतून वाचून बाकीच्यांना सांगितली. चर्चा मात्र तीन बैठका चालली.

गेथेन हा बर्फाळ ग्रह. तिथली माणसं बाईही नाहीत, पुरुषही नाहीत. महिन्यातले थोडे दिवस त्यांच्यात कामभावना जागी होते, तेव्हा कोणाचं शरीर बाईचं होतं, कोणाचं पुरुषाचं. काय होणार हे आधी ठरलेलं नसतं. एकाच माणसाने काही मुलांना जन्म दिलेला असतो आणि तेच माणूस दुसऱ्या काही मुलांचा बाप असतं. राजासुद्धा गरोदर राहतो. बाळंतपण कोणाच्याही वाट्याला येऊ शकतं, म्हणून 'हे बायकांचं काम' असं काही उरतच नाही. पृथ्वीवरून आलेला दूत गेन्ली आय याला हे पचत नाही. तो प्रत्येकात पुरुष शोधतो आणि एखाद्याचं वागणं खटकलं की त्याला ते बायकी वाटतं.

कादंबरीला नेब्युला आणि ह्युगो हे दोन्ही मानाचे पुरस्कार मिळाले. पण स्त्रीवादी वाचक तेवढ्याने गप्प बसल्या नाहीत. स्वतः विज्ञानकथा लिहिणाऱ्या जोआना रस यांचं म्हणणं असं, की पुस्तकभर सगळ्यांना 'तो' म्हटलंय, नायक एस्ट्राव्हेन राजकारण करतो, हद्दपार होतो, बर्फावरून स्लेज ओढतो, पण मुलं वाढवण्यात कोणाला रसच दिसत नाही. म्हणजे हे जग पुरुषांचंच झालं. १९७५ साली 'खात्रू' या हौशी नियतकालिकाने लेखक-लेखिकांचा या विषयावरचा पत्रव्यवहार छापला. ले ग्विन आणि रस दोघीही त्यात होत्या. जेम्स टिप्ट्री या नावाने लिहिणारा एक 'पुरुष'ही होता. ती ॲलिस शेल्डन नावाची बाई आहे, हे जगाला नंतर कळलं!

मला मोलाचं वाटतं ते ले ग्विन यांचं उत्तर. १९७६ च्या लेखात त्यांनी 'तो' या सर्वनामाचं समर्थन केलं. नवं सर्वनाम घडवून भाषा बिघडवायची नाही, असं त्या म्हणाल्या. एस्ट्राव्हेन आपल्याला आई म्हणून दिसत नाही, ही उणीव मात्र तेव्हाच मान्य केली. पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीस तोच लेख पुन्हा छापताना त्यांनी जुना मजकूर खोडला नाही, त्यातच नव्या टिपा घातल्या. 'तो' सर्वांसाठी असतो हे खरं नाही, आणि गेथेनच्या माणसांना केवळ स्त्री-पुरुष संबंधांत बांधायचं कारण नव्हतं, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं. २०१८ मध्ये त्या गेल्या. टीका करणाऱ्यांना त्यांनी शत्रू मानलं नाही.

आपल्या भाषेत हा पेच आणखी घट्ट आहे. इंग्रजीत निदान 'मी'ला लिंग नाही. मराठीत 'मी आले' की 'मी आलो' हे तोंड उघडताच सांगावं लागतं. एकीने सुचवलं, "नपुंसकलिंग आहे की, 'ते आलं' म्हणा." दुसरी म्हणाली, "ते तर लेकराला किंवा वस्तूला म्हणतो. तृतीयपंथी माणसाला म्हणून बघा, अपमान वाटेल." तिसरी कोल्हापूरकडची. तिकडच्या कित्येक बाया 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात आणि त्यांच्या बाईपणाला काही धक्का बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली, पण बोलताना कोणतं क्रियापद वापरायचं हे न्यायालय कसं सांगणार? ते ज्याचं त्याला विचारावं, एवढ्यावर आमचं एकमत झालं.

पण मला जास्त बोचतो तो रस यांचा दुसरा मुद्दा. सर्वनाम बदललं, तरी त्या पुस्तकात मुलं कोणाच्या कडेवर आहेत हे दिसलं नसतं. आपल्या मागण्यांकडेही असंच पाहायला हवं. बाई सरपंच झाली, बस चालवू लागली, पोलिसात गेली, याचा आपण आनंद मानतो आणि मानायलाच हवा. पण ती कामावर असताना तिचं लेकरू बहुधा सासूकडे, थोरल्या मुलीकडे किंवा तिच्याहून गरीब बाईकडे असतं. बायकांनी पुरुषांच्या जागा घेतल्या म्हणून समता आली, असं म्हणता येणार नाही. पाळणाघराची मागणी आपल्या निवेदनात शेवटच्या कलमात का असते? बापाने घरी थांबावं हे आपण सभेत म्हणतो, ठरावात का लिहीत नाही?

आणि हे प्रश्न एखादी कार्यकर्ती विचारते, तेव्हा 'चळवळीत फूट पाडू नकोस' असं आपल्याकडे पटकन म्हटलं जातं. रस गप्प बसल्या असत्या तर ले ग्विन यांच्या त्या टिपा कदाचित लिहिल्याच गेल्या नसत्या.

तुमच्या गटात ही गोष्ट सांगा, वाद घाला. जे पटलं नाही तेही लिहून पाठवा. पुढच्या अंकात ती पत्रं आम्ही पहिल्या पानांवर घेऊ.