बंबावरच्या माणसाचे देणे

१४ एप्रिल ही तारीख महाराष्ट्राच्या मनात आहे ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीमुळे. याच तारखेला १९४४ साली मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा भीषण स्फोट झाला आणि आग विझवण्यासाठी धावलेले ६६ अग्निशामक कामी आले. अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्या स्मरणार्थ पाळला जातो. भायखळ्याला मानवंदना होते, शाळाशाळांतून प्रात्यक्षिके होतात, आणि २० एप्रिलला सप्ताह संपतो. त्या जहाजावर दारूगोळ्याच्या जोडीने कापसाच्या गाठी भरलेल्या होत्या आणि आग प्रथम लागली ती कापसातच, ही गोष्ट मात्र मुंबईबाहेर फारशी कोणी सांगत नाही.

कापूस पिकवणाऱ्या अंबड तालुक्याला ती वेगळी सांगण्याची आवश्यकताही नाही. कापसाच्या गाठीला लागलेली आग वरून विझलेली दिसते, पण आतून धुमसत राहते; गाठ फोडून, पसरून, पुन:पुन्हा भिजवावी लागते. ते काम करणारा माणूस तासन्‌तास त्या धुरात उभा असतो. मत्स्योदरी देवीच्या डोंगराभोवती वसलेल्या या गावात आणि गोदाकाठापर्यंत पसरलेल्या तालुक्यात आगीची रूपेही अनेक आहेत. उन्हाळ्यात कडब्याच्या गंज्या पेटतात, गाळपाच्या दिवसांत वीजतारेच्या ठिणगीने उसाचे फड जळतात, कधी दाटीवाटीच्या बाजारपेठेत एका दुकानाची आग दुसऱ्याला लागते. दुकान कृषी सेवा केंद्राचे असेल तर आत कीटकनाशकांचे डबे असतात. शेतीसाहित्याचे असेल तर ठिबकच्या नळ्या आणि प्लॅस्टिकचे नळ. असे प्लॅस्टिक जळताना निघणारे वायू फुप्फुसाला जाळतात आणि औषधांचा धूर तर विषच. वर्दी येते तेव्हा आत काय साठवले आहे, हे बंबावरच्या माणसाला कोणी सांगत नाही. जालन्याहून दुसरा बंब येईपर्यंत त्याला एकट्यालाच झुंजावे लागते.

असा माणूस भाजला, छताखाली सापडला, किंवा पंधरा वर्षांनी खोकत खोकत अंथरुणाला खिळला, तर त्याचे देणे कोणाचे?

या प्रश्नावर आपल्याकडे ठरलेले उत्तर असते. दुर्घटना घडते, पुढारी भेटीस येतात, सानुग्रह अनुदान जाहीर होते, घरातील एखाद्यास अनुकंपा तत्त्वावर नोकरीचे आश्वासन मिळते. ‘अनुग्रह’ आणि ‘अनुकंपा’ या दोन्ही शब्दांत देणाऱ्याचा मोठेपणा आहे, घेणाऱ्याचा अधिकार नाही. वास्तविक कायदा दयेची भाषा बोलतच नाही. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा इंग्रजी राजवटीत झाला. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात, कोणत्या कामावरच्या माणसाला भरपाईचा हक्क आहे त्या यादीत, अग्निशमन दलाच्या सेवेतील माणसाचा स्पष्ट उल्लेख होता. कामातून आणि कामाच्या ओघात अपघात घडला की मालक देणे लागतो. मालकाची चूक होती की नव्हती, हे विचारायचे नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि जुना कायदा तिच्यात विलीन झाला. पण हे मूळ तत्त्व तसेच राहिले आहे.

रक्कमही कोणाच्या मर्जीवर नाही. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. तीस वर्षांच्या माणसासाठी हा गुणक २०७.९८ आहे. जुन्या कायद्याखाली ३ जानेवारी २०२० पासून वेतनाची हिशेबी मर्यादा १५,००० रुपये होती. म्हणजे पंधरा हजार किंवा त्याहून अधिक वेतनाच्या तीस वर्षांच्या अग्निशामकाच्या वारसांना १५,५९,८५० रुपये. तोच माणूस कायमचा पूर्ण अपंग झाला तर निम्म्याऐवजी साठ टक्के धरायचे. ती रक्कम १८,७१,८२० होते. देणे महिनाभरात चुकते केले नाही तर बारा टक्के व्याज आणि समर्थनीय कारण नसल्यास पन्नास टक्क्यांपर्यंत दंड. हा साधा हिशेब राज्यातील किती नगरपरिषदांच्या अग्निशमन केंद्रांत भिंतीवर लावलेला सापडेल? नोकरीस लागतानाच कर्मचाऱ्याला त्याचा हा हक्क लेखी कळवावा, अशी दुरुस्ती २०१७ साली याच कायद्यात झाली होती.

परंतु अडचण रकमेची नाही. ‘मालक’ कोण, हीच खरी अडचण आहे. महाराष्ट्रातील अनेक लहान नगरपरिषदांत बंब शासनाच्या निधीतून येतो, त्यावर नगरपरिषदेचे नाव रंगवले जाते आणि चालक व फायरमन मात्र कंत्राटदाराकडून घेतले जातात. निविदा निघते, सर्वांत कमी दराची मंजूर होते. कमी दर कोठून येतो, हे उघड आहे. तो माणसाच्या वेतनातून, विम्यातून आणि प्रशिक्षणातून येतो. अपघात झाला की नगरपरिषद कंत्राटदाराकडे बोट दाखवते, आणि कंत्राटदार सांगतो की तो माणूस रोजंदारीवर होता. वेतन कागदावर एक आणि हातात दुसरे असेल, तर गुणाकार कोणत्या आकड्याचा करायचा हाही वाद. तिसऱ्या मुलाच्या वेळी बाळंत झालेली त्याची पत्नी हे सारे कागद कोठून गोळा करणार?

कायदा करणाऱ्यांनी मात्र ही पळवाट १९२३ सालीच ओळखली होती. मुख्य मालकाने आपल्या नेहमीच्या धंद्याचे काम कंत्राटावर दिले, तरी भरपाई मुख्य मालकानेच द्यावी आणि नंतर हवी तर कंत्राटदाराकडून वसूल करावी, असे कलम १२ सांगत होते. नगरपरिषदेचा ‘धंदा’ तो कोणता, असा युक्तिवाद कोणी करू नये म्हणून कलम २ मध्ये लिहून ठेवले होते की, स्थानिक संस्थेची कर्तव्ये पार पाडणे हाच तिचा धंदा समजावा. आणि १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियमाने आग विझवणे, आगीत जीवित व मालमत्ता वाचवणे हे नगरपरिषदेचे बंधनकारक कर्तव्य ठरवले आहे, ऐच्छिक नव्हे. दोन्ही कायदे शेजारी ठेवून वाचले की संशयाला जागा उरत नाही. अंबडच्या बंबावर उभा असलेला माणूस कोणाच्याही हजेरीपटावर असो, आगीपुढे तो नगरपरिषदेचा माणूस आहे.

मुंबईत ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवासात आग लागली. इमारत कोसळून दलाचे चार अधिकारी गेले. प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकर आणि उपप्रमुख सुधीर अमीन रुग्णालयात झुंज देऊन गेले. १ डिसेंबर २०१९ रोजी दापोडी येथे खोदलेल्या खड्ड्यात अडकलेल्या मजुराला काढताना पिंपरी-चिंचवड दलाचा एक जवान मातीखाली गेला. ही बलिदाने देशाने पाहिली, कारण ती महानगरांत घडली. कॅमेरे नसलेल्या तालुक्याच्या गावी भाजलेल्या हातांची बातमी जिल्हा पानाच्या कोपऱ्यातही येत नाही.

तरीही भाजणे दिसते, हाड मोडलेले क्ष-किरणांत उमटते. धूर मात्र काहीच मागे ठेवत नाही, आणि भरपाईच्या विषयातील सर्वांत दुखरी जागा हीच आहे. व्यवसायजन्य रोगांचे परिशिष्ट कायद्याला जोडलेले आहे. पण त्याची रचना मुख्यत: कारखान्यातील पदार्थ आणि प्रक्रिया यांच्या आधारे झाली: शिसे, पारा, बेन्झिन, अ‍ॅस्बेस्टॉस. कारखान्यातल्या कामगाराला आपण कोणता पदार्थ हाताळतो हे ठाऊक असते. अग्निशामकाच्या वाट्याला हे सारे पदार्थ एकत्र आणि जळत्या अवस्थेत येतात. यादीत नसलेला रोग जडला तर तो अमुक एका अपघाती इजेतूनच झाला, हे सिद्ध करणे भाग पडते. वीस वर्षांतील कोणत्या आगीने हा कर्करोग दिला, हे कोणता वैद्य सांगू शकेल? असा पुरावा मागणे म्हणजे दावा फेटाळणेच होय.

जगाने या प्रश्नाचे उत्तर शोधलेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ साली अग्निशामकाचा व्यवसायच माणसात कर्करोग निर्माण करणारा असल्याचा निर्वाळा दिला. मूत्राशयाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा यांबाबत पुरावा पुरेसा मानला. कॅनडातील मॅनिटोबा प्रांताने २००२ साली आणि ऑस्ट्रेलियाच्या संसदेने २०११ साली असे कायदे केले की, ठरावीक वर्षे सेवा झालेल्या अग्निशामकास ठरावीक कर्करोग झाला तर तो कामामुळेच झाला असे गृहीत धरावे. तसे नसल्याचे सिद्ध करण्याचा भार मालकावर. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबर २००१ रोजी ३४३ अग्निशामक मारले गेले. त्या ढिगाऱ्याच्या धुळीने जडलेल्या आजारांनी गेलेल्यांची संख्याही २०२३ साली ३४३ वर पोहोचली. आग विझल्यानंतरही ती माणसे मारत राहते, याचा याहून ठळक दाखला कोणता?

परदेशाचे दाखले दिले की काहींना ते उसने वाटतात. त्यांनी कौटिल्य उघडावा. नगराच्या व्यवस्थेचे नियम सांगताना अर्थशास्त्र शेजारच्या घराला आग लागली असता न धावणाऱ्या गृहस्वामीला दंड सांगते आणि भाडेकऱ्याला त्याच्या निम्मा. म्हणजे आग हे एकट्यादुकट्याचे संकट नव्हे, साऱ्या नगराचे आहे, हा विचार येथे जुना आहे. त्याच ग्रंथाच्या पाचव्या अधिकरणात, सेवकांच्या भरणपोषणाच्या प्रकरणात, कामावर असताना मृत्यू पावलेल्याच्या पत्नी व पुत्रांना भत्ता व वेतन मिळावे, त्याच्या आश्रयाला असलेली मुले, वृद्ध आणि रोगी यांचा सांभाळ व्हावा, असे सांगितले आहे. राजाच्या कोषावरचा तो ठरलेला खर्च होता. तेथे निविदेतील सर्वांत कमी दराचा प्रश्न नव्हता.

नगरपरिषदा यावर म्हणतील की तिजोरीत पैसा नाही. पाणीपट्टीची थकबाकी, वीजबिलाचे हप्ते, कर्मचाऱ्यांचे रखडलेले वेतन ही रडगाणी खोटी नाहीत. पंधरा लाखांचा एक दावा लहान नगरपरिषदेचे वर्षाचे गणित विस्कटू शकतो. पण म्हणूनच तर विमा असतो. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाने अग्निशमन सेवा शुल्क आकारण्याची सोय केली आहे. इमारत बांधणाऱ्याकडून येणाऱ्या या पैशाचा काही भाग त्या इमारतीत उद्या शिरणाऱ्या माणसाच्या विम्यासाठी राखून ठेवावा, यात गैर काय? केंद्राने २०२३ साली राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तार व आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटींची योजना आणली. नवे बंब येतील, उंच शिड्या येतील. गाडीचा विमा काढल्याशिवाय ती रस्त्यावर आणता येत नाही. गाडीवरच्या माणसाच्या बाबतीतही तोच दंडक लावावा. राज्य शासनाने सर्व नगरपरिषदांचा एकत्रित विमा उतरवला तर अंबड, घनसावंगी, परतूर अशा गावांना वाटा पडेल तो किरकोळ असेल. रोगांच्या यादीत अग्निशमन सेवा हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून दाखल करण्याचे काम केंद्र किंवा राज्य शासन करू शकते.

या मोठ्या गोष्टी होईपर्यंत अंबडच्या मुख्याधिकाऱ्यांना आणि सदस्यांना करता येण्याजोगे एक काम आहे आणि त्याला जवळजवळ खर्च नाही. केंद्रावर वर्दीची नोंदवही असते. तीत वेळ, ठिकाण आणि गाडी लिहिली जाते. त्याच ओळीत बंबावर गेलेल्या प्रत्येकाचे नाव लिहावे, मग तो कायम असो की कंत्राटी. आत काय जळत होते, तो किती वेळ धुरात होता, श्वसनयंत्र लावले होते की तोंडाला नुसता ओला रुमाल, हेही लिहावे. वर्षातून एकदा ग्रामीण रुग्णालयात त्याच्या फुप्फुसांची तपासणी व्हावी आणि तिचा कागद त्याच्या नावे जपला जावा. वीस वर्षांनी त्याची पत्नी किंवा मुलगा भरपाईसाठी सक्षम प्राधिकाऱ्यापुढे उभा राहील, तेव्हा कोणाची शिफारस किंवा जुन्या सत्काराचे छायाचित्र तेथे उपयोगी पडणार नाही. तेथे ही नोंदवही मागितली जाईल.